भुंगेऱ्याचे बारसे

घरात मूल जन्माला आले की बाराव्या दिवशी त्याचे बारसे होते. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, पाळणा हलतो, घुगऱ्या वाटल्या जातात, आणि त्या दिवसापासून ते मूल साऱ्या गोतावळ्याचे होते. नाव मिळण्यापूर्वीही ते असतेच. त्याची आई त्याला ओळखते, घरची माणसे ओळखतात. परंतु परगावच्या मावशीला पत्र लिहून त्याच्याविषयी काही कळवावयाचे, तर नावावाचून चालत नाही. जीवशास्त्रात प्राण्याची एखादी नवी जाती प्रसिद्ध होते तेव्हा जे घडते, ते याहून फारसे निराळे नाही. फरक एवढाच, की हे बारसे बाराव्या दिवशी न होता कधी बारा वर्षांनी, तर कधी शंभर वर्षांनी होते. नाव ठेवणारी आत्या सातासमुद्रांपलीकडे बसलेली असते. आणि ज्या हातांनी ते बाळ प्रथम उचलले, त्यांना या समारंभाचे आमंत्रण बहुधा नसते.

लांबशिंगी भुंगेऱ्यांच्या कुळाचा इतिहास या दृष्टीने फार बोलका आहे. त्यांना लांबशिंगी म्हणावयाचे, पण ती शिंगे नव्हेत. डोक्यावरून निघून कमानीसारख्या पाठीकडे वळलेल्या त्या मिशा, म्हणजे शास्त्राच्या भाषेत शृंगिका, होत. पुष्कळ जातींत त्या शरीराहून लांब असतात, आणि काही जातींच्या नरांत तर दुप्पट-तिप्पट लांब. पावसाळ्याच्या तोंडी रात्री दिव्याच्या उजेडाकडे झेपावून धपकन भिंतीवर आदळणारा, आणि चिमटीत धरला असता मान हलवून चिर्रचिर्र आवाज काढणारा लांब मिशांचा भुंगेरा अनेकांनी पाहिलेला असतो. कोकणातल्या आंब्याच्या बागाइतदाराला त्याची ओळख निराळ्या वाटेने होते. खोडाला भोके पडतात, त्यांतून भुसा गळू लागतो, एखादी फांदी अकारण वाळते, आणि मग आत लपलेल्या जाड पांढऱ्या अळीचा शोध सुरू होतो. आंब्याचे खोड पोखरणाऱ्या या भुंगेऱ्याचे शास्त्रीय बारसे १७७५ साली शार्ल द येर या स्वीडिश कीटकशास्त्रज्ञाने केले. आज या कुळातील वर्णन झालेल्या जातींची संख्या पस्तीस हजारांहून अधिक आहे.

या कुळातील बहुतेकांचे बालपण लाकडाच्या आत जाते. मादी सालीच्या फटीत अंडे घालते; अंड्यातून निघालेली अळी सालीखाली शिरते आणि महिनोन् महिने, क्वचित वर्षानुवर्षे, लाकूड कुरतडीत अंधारात राहते. तेथेच तिचा कोश होतो, आणि पूर्ण वाढलेला भुंगेरा खोडाला भोक पाडून बाहेर पडतो. उजेडातले त्याचे आयुष्य बहुधा काही आठवड्यांचे असते. ज्या प्राण्याचे जवळजवळ सारे जीवन झाडाच्या पोटात दडलेले, त्याची आणि माणसाची गाठ पडावी कशी? ती बहुतेक वेळा झाड कोसळते तेव्हा पडते. कापलेल्या किंवा मरणाऱ्या लाकडाचा वास या भुंगेऱ्यांना दुरून येतो आणि ते त्याकडे धाव घेतात. कुऱ्हाडीमागून भुंगेरा येतो, आणि भुंगेऱ्यामागून त्याला नाव देणारा. या कुळाच्या इतिहासातील दोन मोठे प्रसंग या एकाच साध्या गोष्टीभोवती घडलेले आहेत. त्यांपैकी पहिला बोर्निओ बेटावर घडला आणि दुसरा मध्य भारताच्या सालवनांत.

प्राण्यांना दोन शब्दांचे नाव देण्याची आजची पद्धत लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून मोजली जाते. लांबशिंगी भुंगेऱ्यांना त्याने ‘सेराम्बिक्स’ हे नाव घेतले. त्याच्यामागे एक जुनी ग्रीक कथा आहे. केराम्बोस नावाचा एक गर्विष्ठ मेंढपाळ वनदेवतांची निंदा करतो आणि त्यांच्या शापाने लाकूड खाणारा शिंगाळ भुंगेरा होतो. मुले त्या भुंगेऱ्याचे डोके तोडून अंगावर मिरवतात, असेही त्या कथेत म्हटले आहे. हे तोडलेले डोके पुढे अगदी वेगळ्या संदर्भात पुन्हा भेटणार आहे.

बोर्निओतील कथेचा नायक म्हणजे आल्फ्रेड रसेल वॉलेस. हा गरीब घरातला इंग्रज तरुण प्राण्यांचे नमुने गोळा करून ते विकून पोट भरीत असे. ॲमेझॉनच्या खोऱ्यात चार वर्षे काढून परतताना, १८५२ च्या ऑगस्टमध्ये, त्याच्या जहाजाने भर समुद्रात पेट घेतला आणि बरोबरचा बहुतेक संग्रह जळून गेला. दुसरा कोणी असता तर खचला असता. वॉलेस १८५४ साली सिंगापुरास उतरला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बोर्निओतील सारावाक येथे पोहोचला. तेथे त्या वेळी जेम्स ब्रुक या इंग्रज ‘राजा’ची सत्ता होती, आज तो प्रदेश मलेशियात आहे. १८५५ च्या फेब्रुवारीत, पावसाने कोंडून घातलेल्या दिवसांत, त्याने एक निबंध लिहिला. प्रत्येक नवी जाती आपल्यासारख्याच एखाद्या आधीच्या जातीच्या शेजारी, तिच्यामागोमाग, अस्तित्वात येते, असा त्याचा सिद्धांत होता. जाती म्हणजे काय, हा प्रश्न डोक्यात घोळत असतानाच पुढच्या महिन्यात तो सिमुंजान येथे गेला.

सिमुंजान येथे कोळशाची खाण सुरू होत होती. खाणीपासून दोन मैलांवरच्या सादोंग नदीपर्यंत लोहमार्गासाठी जंगल तोडून रुंद पट्टा मोकळा केला जात होता. वीस ते पन्नास चिनी आणि दायाक मजूर महिनोन् महिने त्याच कामावर होते. जागोजाग करवतीचे खड्डे खणून मोठमोठ्या वृक्षांच्या तुळया आणि फळ्या कापल्या जात होत्या. भोवती शेकडो मैल अखंड अरण्य पसरलेले, आणि मध्येच हा ओल्या लाकडाचा, सालींचा, भुशाचा सडा. पाऊस नुकताच ओसरू लागला होता आणि उन्हाचे दिवस सुरू होत होते. लांबशिंगी भुंगेऱ्यांना याहून मोठे आमंत्रण कोणते असणार?

वॉलेस १४ मार्च १८५५ रोजी तेथे पोहोचला, तेव्हा आधीच्या चार महिन्यांत त्याने भुंगेऱ्यांचे ३२० प्रकार जमविले होते. पुढच्या पंधरवड्याच्या आतच ही संख्या दुप्पट झाली. दररोज सरासरी चोवीस नवे प्रकार हाती येत. एका दिवशी तर ७६ प्रकार सापडले आणि त्यांपैकी ३४ त्याने पूर्वी पाहिलेले नव्हते. एप्रिल संपेपर्यंत संग्रह हजारावर गेला. बोर्निओत त्याला एकूण मिळालेल्या सुमारे दोन हजार प्रकारांपैकी शंभरेक सोडता बाकी सारे या एका ठिकाणचे, जेमतेम चौरस मैलाच्या जागेतले होते. त्यांत लांबशिंगी भुंगेरे जवळजवळ तीनशे प्रकारचे होते, आणि दहांतले नऊ शास्त्राला सर्वस्वी नवे.

हे सारे एकट्या वॉलेसच्या हातांनी झाले नाही. आणलेल्या प्रत्येक कीटकामागे एक सेंट द्यावयाचा, असा त्याचा रिवाज होता, आणि दायाक व चिनी मजूर काम करता करता दिसलेला देखणा भुंगेरा त्याच्याकडे पोहोचवीत. जंगलात जन्म काढलेल्या दायाकांना कोणते लाकूड केव्हा पोखरले जाते हे शिकविण्याची गरज नव्हती. पुढे वॉलेसच्या सोबत राहिलेल्या अली नावाच्या मलायी तरुणाचा उल्लेख त्याने कृतज्ञतेने केला आहे. परंतु सिमुंजानच्या करवतीच्या खड्ड्यांपाशी ज्यांनी ते भुंगेरे उचलले, त्यांची नावे कोठेही उरली नाहीत. त्यांच्या हातून गेलेला प्रत्येक प्राणी मात्र टाचणीला टोचला गेला, आणि त्या टाचणीत वॉलेसने एक चिमुकली गोल चिठ्ठी अडकविली. सारावाकच्या नमुन्यांवर तिच्यावर अवघी तीन अक्षरे असत. ती त्या स्थळाची खूण होती.

या चिठ्ठीचे मोल वॉलेसला कळले होते. ॲमेझॉनहून परतल्यावर त्याने तक्रार केली होती, की संग्रहालयांतील नमुन्यांवर ‘ब्राझील’ किंवा ‘पेरू’ एवढेच लिहिलेले असते. नदीच्या या तीरावरचा प्राणी की त्या तीरावरचा, हे त्यावरून समजत नाही. स्थळ हरवलेला नमुना म्हणजे पत्ता पुसलेले पत्र. प्राणी हाती असतो, पण तो कोठून आला आणि कोणाचा शेजारी होता हे विचारण्याची सोय उरत नाही.

पेट्या भरून जहाजावर चढत आणि लंडनमध्ये सॅम्युएल स्टीव्हन्स या दलालाच्या हाती पडत. त्या काळी सुएझचा कालवा झालेला नव्हता. वाटेत मुंग्या, बुरशी आणि खारी हवा यांतून जे वाचे तेच पोहोचे. लांबशिंगी भुंगेऱ्यांचे वर्णन करण्याचे काम शेवटी फ्रान्सिस पोल्किंगहॉर्न पास्को याच्याकडे आले. हा कॉर्नवॉलचा राहणारा, पूर्वी आरमारात शस्त्रवैद्य होता. पुढे तो लंडनच्या कीटकशास्त्रीय संस्थेचा अध्यक्ष झाला. १८६४ ते १८६९ या काळात त्याने वॉलेसने मलाया द्वीपसमूहातून आणलेल्या लांबशिंगी भुंगेऱ्यांची विस्तृत वर्णनसूची प्रसिद्ध केली. एक हजाराहून अधिक जाती, आणि त्यांपैकी निदान नऊशे युरोपच्या संग्रहांना अपरिचित! सिमुंजानच्या बाळांचे बारसे अशा रीतीने दहा-बारा वर्षांनी पार पडले. त्यांपैकी एका भुंगेऱ्याला, ज्याच्या नराच्या शृंगिका कंगव्यासारख्या दातेरी असतात, पास्कोने वॉलेसचेच नाव दिले.

वर्णन करावयाचे म्हणजे नेमके काय? दुरून पाहणाऱ्याला वाटते, की नवा प्राणी पाहताच शास्त्रज्ञ आनंदाने ओरडतो आणि नाव ठेवून मोकळा होतो. प्रत्यक्षात हे काम संशयी कारकुनाचे असते. प्रथम तो भुंगेरा पूर्वी कोणी वर्णिलेला नाही ना, हे पाहावयाचे. त्यासाठी पॅरिस, बर्लिन, स्टॉकहोम, सेंट पीटर्सबर्ग येथे छापलेली जुनी वर्णने चाळावयाची आणि शक्य तेथे मूळ नमुन्याशी ताडून पाहावयाची. मग एकाच जातीचे नर-मादी दोन वेगळ्या जाती म्हणून तर मोजले जात नाहीत ना, लहान-मोठ्या अंगलटीने फसगत तर होत नाही ना, हे तपासावयाचे. कारण अळीला पोटभर लाकूड मिळाले की अर्धपोटी राहावे लागले, यावर भुंगेऱ्याचा आकार पुष्कळसा ठरतो. त्यानंतर शृंगिकेचे पेर एकामागून एक पाहावयाचे. ते साधारणपणे अकरा असतात. कोणता पेर लांब, कोणाला काटा, कोणावर लव. छातीची बाजू गुळगुळीत की टोकदार. पाठीवरच्या कठीण पंखांवर ठिपके, खड्डे की रेघा. पंखांचे टोक गोल की तिरपे कापल्यासारखे. हे सारे मोजून, थोडक्यात लॅटिनमध्ये आणि मग इंग्रजीत मांडावयाचे, शेवटी स्थळ लिहावयाचे, आणि ज्या नमुन्यावरून हे लिहिले तो जपून ठेवावयाचा. त्या नमुन्याला आज प्ररूप म्हणतात. शब्द अपुरे पडले, शंका आली, वाद झाला, तर शेवटचा निवाडा तो वाळलेला प्राणी देतो.

एवढ्या खटाटोपाचा हेतू एकच. पुढे केव्हातरी, दुसऱ्या देशातला, कधीही न भेटलेला कोणी माणूस हातात एक भुंगेरा घेऊन उभा राहील, तेव्हा त्याला ‘हा तोच’ किंवा ‘हा तो नव्हे’ असे निश्चयाने म्हणता यावे. एका प्राण्याला दहा नावे पडू नयेत, म्हणून १८४२ साली ब्रिटनमध्ये ह्यू स्ट्रिकलंडच्या पुढाकाराने नियम तयार झाले. जे नाव रीतसर प्रथम प्रसिद्ध झाले तेच चालावे, हे त्यांतले मुख्य तत्त्व. आजचे आंतरराष्ट्रीय नियम त्याच मुळावर वाढलेले आहेत. २००० सालापासून तर प्ररूप नमुना स्पष्टपणे ठरविल्यावाचून नव्या जातीचे नाव ग्राह्यच धरले जात नाही.

एक गोष्ट मोठी मौजेची आहे. वॉलेसच्या हजार भुंगेऱ्यांची अशी एकेक करून पारख करणाऱ्या पास्कोला, डार्विन आणि वॉलेस यांनी १८५८ साली मांडलेली नैसर्गिक निवडीची उपपत्ती मात्र पटली नाही. १८८४ साली त्याने आपल्या शंका पुस्तकरूपाने मांडल्या. दोघांचे मत जुळले नाही, तरी दोघांचे काम एकमेकांस पुरे करून गेले. कारण चांगले वर्णन हे कोणाच्याही मताचे बांधील नसते. उपपत्ती मानणाराही ते वापरतो आणि न मानणाराही.

तरीही पास्कोच्या पानांत एक उणीव राहून गेली, आणि ती त्या काळच्या साऱ्याच वर्णनांत आहे. बहुतेक वर्णनांखाली स्थळाचा एक शब्द येतो आणि लेखणी थांबते. तो भुंगेरा कोणत्या झाडावर वाढला, त्याची अळी कशी होती, तो वर्षातून केव्हा बाहेर पडतो, याविषयी चकार शब्द नाही. जे करवत ओढणाऱ्या दायाकाला ठाऊक असण्याचा संभव होता, ते लंडनच्या टेबलापर्यंत पोहोचले नाही. आत्याने नाव ठेवले खरे, पण बाळाचे घर तिने पाहिलेच नव्हते.

नाव आणि ओळख यांच्यातले हे अंतर भरून निघावयास किती काळ लागतो आणि त्याची किंमत काय पडते, हे भारतातील एका भुंगेऱ्याच्या हकिकतीवरून दिसते. बोर्निओच्या अरण्यातील बहुतेक उंच वृक्ष ज्या कुळाचे आहेत, त्याच कुळातला एक वृक्ष भारतात हिमालयाच्या पायथ्यापासून छोटानागपूर, मंडला, बालाघाट, बस्तरपर्यंत पसरलेला आहे. तो म्हणजे साल. ज्याची राळ आपल्याकडे धूपासाठी आणि औषधासाठी बाजारात येते, ज्याच्या लाकडाचे स्लीपर रेल्वेच्या रुळांखाली लक्षावधींनी गेले, तोच हा वृक्ष. आणि बोर्निओच्या वृक्षांप्रमाणे यालाही आपला लांबशिंगी सोबती आहे. काळपट तपकिरी रंगाचा, कधी दोन-अडीच इंच लांबीचा हा भुंगेरा सालाचे खोड गाभ्यापर्यंत पोखरतो.

त्याचे बारसे मात्र सालवनापासून फार दूर झाले. ह्यू कमिंग हा इंग्रज संग्राहक १८३६ पासून चार वर्षे फिलिपाइन्स बेटांत हिंडला. तो मुख्यतः शंख-शिंपले गोळा करी आणि त्या कामी तेथील शाळकरी मुलांची मदत घेई. त्याने बरोबर आणलेल्या लांबशिंगी भुंगेऱ्यांची यादी लंडनचा मुद्रक आणि कीटकशास्त्रज्ञ एडवर्ड न्यूमन याने १८४२ साली छापली. शृंगिकांवरील काट्यांवरून त्याने एका जातीला ‘स्पिनिकॉर्निस’, म्हणजे काटेरी शिंगांचा, हे नाव दिले. १८६४ साली जेम्स टॉमसनने त्यासाठी ‘हॉप्लोसेराम्बिक्स’ हा गण स्थापिला. त्यातला पहिला शब्द शस्त्रधारी या अर्थाचा. अशा रीतीने सालाच्या वैऱ्याला नाव मिळाले. पण ते ठेवताना सालवनाचा विचार कोणाच्या मनात असण्याचे कारणच नव्हते.

हे नाव भारतात रुजले १९०६ च्या सुमारास. त्या वर्षी लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममधील चार्ल्स जोसेफ गहान याने ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत लांबशिंगी भुंगेऱ्यांचा खंड प्रसिद्ध केला. आंब्याचा भुंगेरा ज्या मोठ्या उपकुळात मोडतो ते उपकुळ त्या खंडात आले नाही. परंतु सालाचा भुंगेरा आला. त्याच वर्षी देहरादून येथे वन-संशोधन संस्था स्थापन झाली. एका हाती वर्णन आणि दुसऱ्या हाती जंगल, असा योग प्रथमच जुळला. ई. पी. स्टेबिंग आणि त्यांच्यामागून सी. एफ. सी. बीसन यांनी देहरादूनमध्ये बसून आणि जंगलांत हिंडून जी माहिती जमविली, तिच्यामुळे ‘स्पिनिकॉर्निस’ या एका शब्दाला हळूहळू देह आला.

सालाचा भुंगेरा पावसाच्या पहिल्या सरींबरोबर, जूनच्या मध्यास, खोडातून बाहेर पडतो. मादी शेकडो अंडी सालीच्या भेगांत घालते. झाड निरोगी असले तर भोकातून राळ पाझरते आणि कोवळी अळी तिच्यातच बुडून मरते. वादळाने मोडलेल्या, कापून पडलेल्या किंवा अशक्त झाडांत मात्र ती तगते. तिची संख्या अशा पडलेल्या लाकडात बेसुमार वाढली, की मग निरोगी झाडाची राळही पुरी पडत नाही. अळ्या गाभ्यात शिरतात, बुंध्याशी भुशाचे ढीग साचतात, शेंडा वाळू लागतो. कोशावस्थेत जाण्यापूर्वी अळी आपल्या कोठडीचे दार चुनखडीच्या पातळ झाकणाने बंद करते, आणि पुढच्या पावसाची वाट पाहते. वर्षाला एक पिढी असा हा क्रम आहे.

१९२३ ते १९२८ या काळात मध्य प्रांतात, म्हणजे ज्याची राजधानी नागपूर होती त्या प्रांतात, मंडला-बालाघाटकडच्या सालवनांवर या भुंगेऱ्याची भयंकर धाड आली. १९९६ नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्याच प्रदेशात ती पुन्हा आली. लक्षावधी झाडे पोखरली गेली; रोगट झाडे किती तोडावयाची आणि किती राखावयाची, यावरून मोठा वाद झाला. ज्या गोंड-बैगा वस्त्यांचे घर, सरपण, पत्रावळी, डिंक-राळ सारे या वनावर चालते, त्यांच्या दृष्टीने तो वाद कागदावरचा नव्हता.

या संकटावर जो उपाय वन-संशोधकांनी बसविला, तो सिमुंजान आठविणारा आहे. पावसाच्या आरंभी ठिकठिकाणी एखादे सालाचे झाड पाडतात, त्याचे ओंडके करतात, आणि टोकांची साल ठेचून रस मोकळा करतात. त्या ताज्या रसाच्या वासाने दूरदूरचे भुंगेरे ओंडक्यांकडे येतात, रस पिऊन जडावतात, आणि त्यांना हाताने वेचून घेता येते. याला सापळा-वृक्ष म्हणतात. गावकरी पिशव्या भरून भुंगेरे आणतात, त्यांची डोकी मोडली जातात, आणि डोक्यांच्या मोजणीवर मजुरी चुकती होते. ग्रीक कथेतील ते तोडलेले डोके येथे भेटते. फक्त येथे ते दागिना नसून मजुरीची पावती आहे.

दोन्ही प्रसंगी तेच ओले लाकूड, तोच वास, तेच वेचणारे हात आणि तोच नगामागे पैसा. एके ठिकाणी भुंगेरा जपण्यासाठी घेतला गेला, दुसरीकडे मारण्यासाठी. पण पहिल्या कामाखेरीज दुसरे साधले नसते. देहरादूनच्या वनातला, मंडल्यातला आणि आसामातला भुंगेरा एकच आहे, हे ठरले म्हणून एका ठिकाणचे निरीक्षण दुसऱ्या ठिकाणी उपयोगी पडले. तितकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे ‘हा तो नव्हे’ हेही सांगता आले. जंगलात पडलेल्या लाकडावर लांबशिंगी भुंगेऱ्यांच्या कितीतरी जाती जगतात. त्यांतल्या बहुतेक मेलेल्या लाकडाचीच माती करतात आणि वनाचे भलेच करतात. ओळख नसेल तर त्या सगळ्यांची डोकी त्याच ढिगात पडतील.

आज नव्या जातीचे वर्णन पास्कोच्या वर्णनाहून पुष्कळ भरघोस असते. सूक्ष्मदर्शकातून घेतलेली छायाचित्रे असतात, शरीरातल्या सूक्ष्म अवयवांचे रेखाटन असते, आनुवंशिक द्रव्याची तुलना असते, आणि ठिकाणाचे अक्षांश-रेखांश असतात. यजमान वृक्ष कोणता, अळी कशी, हेही शक्य तेथे लिहिले जाते. तरीही मूळ गोष्टी तीनच राहिल्या आहेत: जपून ठेवलेला नमुना, प्रामाणिक तुलना, आणि सर्वांना वाचता येईल असे छापलेले नाव. यांतली एक जरी ढिली पडली, तरी पुढच्या माणसाला ‘हा तोच’ म्हणता येत नाही.

सिमुंजानचे ते जंगल वॉलेसच्या डोळ्यांदेखत तुटत होते, आणि पुढील काळात बोर्निओचे अरण्य फार मोठ्या प्रमाणावर नाहीसे झाले. वॉलेसचे आणि पास्कोचे कित्येक नमुने मात्र लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात आजही आहेत. टाचणीवरची ती तीन अक्षरांची गोल चिठ्ठी सांगते, की हा प्राणी या ठिकाणी, त्या काळी जिवंत होता. तो उचलून आणणाऱ्याचे नाव तिच्यावर नाही. परंतु दर जूनमध्ये, पहिला पाऊस पडून गेल्यावर, मध्य भारतातल्या एखाद्या सालवनात गावातला माणूस ओल्या ओंडक्यापाशी वाकतो, काळपट तपकिरी भुंगेरा चिमटीत धरतो आणि शेजाऱ्याला म्हणतो, “हा तोच.” न्यूमनचे नाव त्याला ठाऊक नसेल, त्याची गरजही नाही. ज्यासाठी त्याने १८४२ साली ते नाव ठेवले, ते काम त्या दोन शब्दांत पुरे होते.